डाव्या बाहीची गोष्ट

हे घर वरच्या मजल्यावर जेवायचं आणि खाली दुकानात भांडायचं. वरच्या भिंती पातळ, शेजाऱ्यांचे कान लांब. खाली मात्र धुलाईची यंत्रं, वाफेचे पाईप आणि गिऱ्हाइकांच्या कोटांच्या रांगा. कितीही ओरडा, कोट सगळं पिऊन टाकायचे. त्यामुळे रविवारी दुकानाचं शटर अर्धं वर दिसलं की गल्लीतल्या लोकांना वाटायचं, हिशेब चाललेत. एका अर्थी ते खरंच होतं.

त्या रविवारी सकाळी थोरल्या सुनेच्या फोनवर वन्संचा फोन आला होता. "वहिनी, तो कोट माझा आहे. मी येतेय. सगळ्यांना खाली बोलवा." एवढंच. शाळेत उपमुख्याध्यापिका असलेली बाई तीन वाक्यांत वर्ग गप्प करते, तसं तिनं घर गप्प केलं. ते गप्पपण दोन मिनिटं टिकलं. मग जो तो तोंडानं स्वतःचे हात धुवायला लागला.

"मी पहिल्यापासून सांगत होतो," थोरला म्हणाला. काउंटरला टेकून उभा होता, जणू आजही कुणी कपडे घेऊन येणार होतं. "हे थेर बंद करा. दुकान म्हणजे दुकान. तमाशा नव्हे."

"पहिल्यापासून?" धाकटा धुवायच्या गाठोड्यावर बसला होता, तिथून त्यानं मान वर केली. "दादा, पहिल्या व्हिडिओला पहिला बदाम तू दिलास."

"ते चुकून दाबलं गेलं."

"दुसऱ्यालाही?"

थोरली हातातल्या वाकड्या हँगरची तार सरळ करत होती. भांडणात हाताला काम असलं की माणूस शहाणा दिसतो, हे ती या घरात येऊन शिकली होती. तिच्या नवऱ्याला फोनचा तिटकारा होता, हे खरं. फक्त तो तिटकारा त्याच्या बायकोच्या, भावाच्या आणि भावजयीच्या फोनपुरता होता. स्वतःचा फोन घेऊन तो न्हाणीघरात जायचा आणि पाय बधिर झाले की बाहेर यायचा.

"बंद कशाला करायचं लगेच?" धाकटा म्हणाला. "कमी करू. नियम लावू. आठवड्यातून एक व्हिडिओ. डाग दाखवायचा, काढायचा, संपलं. गोष्ट नाही सांगायची."

"गोष्टीशिवाय कोण बघणार आहे तुझा डाग?" हे अण्णा बोलले आणि लगेच खोकले.

अण्णा, तिचे सासरे, डाग काढायच्या टेबलापाशी आपल्या उंच स्टुलावर बसले होते. समोर गोल दिव्याचा स्टँड. त्या दिव्याच्या मधोमध धाकटीचा फोन अडकवायची जागा. आज ती रिकामी होती. फोन धाकटीच्या हातात होता, आणि ती तो दोन्ही हातांनी धरून भिंतीशी उभी होती, जसं एखादं मूल फोडलेली बरणी लपवायच्या ऐवजी छातीशी धरून ठेवतं.

खेळ जुनाच होता. फोन नवा. शटर ओढलं की अण्णा दिवसभरातला एखादा नामी डाग निवडायचे, टेबलावर पसरायचे आणि विचारायचे, "बोला, काय झालं असेल?" मग सगळे अंदाज बांधायचे. पँटच्या एकाच गुडघ्यावर हिरवं: हा मनुष्य बागेत एका गुडघ्यावर बसला, पोरीनं नकार दिला म्हणून दुसरा टेकायची वेळ आली नाही. अण्णांची नजर अशी की डागाच्या कडेवरून ते सांगायचे, कॉफी उभ्यानं सांडली की बसून. सासूबाई होत्या तेव्हा त्या हसून हसून डोळे पुसायच्या. पण नियमही त्यांचाच: घरच्या कपड्याला, लेकीसुनांच्या, जावयांच्या, नंबराच्या चिठ्ठीऐवजी लाल दोरा बांधायचा, आणि लाल दोऱ्याचा कपडा या टेबलावर खेळायला येणार नाही. सासूबाई गेल्या. दोरा राहिला. काउंटरच्या खणात त्याची रिळं असायची.

धाकटी लग्न होऊन आली आणि पहिल्याच महिन्यात तिनं एक संध्याकाळ फोनमध्ये टिपली आणि त्याचं पेज उघडलं. बघता बघता अण्णा 'डागवाले आजोबा' झाले. परगावाहून लोक कपडे पाठवायला लागले. अण्णांनी दाढी कोरून घेतली. सकाळी चहाआधी विचारायला लागले, "काय गं, काल कितीजण?" कौतुक हा डाग फार चिवट, थोरली मनात म्हणायची, कडेकडेनं पसरतो आणि वाळल्यावरच दिसतो.

शटर खडखडलं. वन्सं वाकून आत आल्या.

नवऱ्याचं जाकीट अंगात होतं. मोठं, खांद्यावरून उतरलेलं. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही, धाकट्यानं पुढे सरकवलेल्या खुर्चीकडेही नाही.

"लावा," त्या म्हणाल्या.

"काय, ताई?"

"व्हिडिओ. सगळ्यांनी मिळून बघू. एरवी बघताच की."

"ताई, मी सकाळीच काढून टाकला," धाकटी म्हणाली.

"तू काढलास. लोकांनी ठेवलाय." वन्संनी स्वतःचा फोन काढला आणि टेबलावर आपटला. अण्णांचाच आवाज दुकानात घुमला, रसाळ, मिश्कील:

'तर मंडळी, ही बाही बघा. मिठाची पांढरी कड, आत काजळ. म्हणजे रडारड. आणि फक्त डावी बाही! म्हणजे आमच्या या बाई डावखुऱ्या. रुमाल काढला नाही, म्हणजे कुठंतरी आडोशाला उभ्या होत्या, कोणी येईल अशी भीती. बघा, एवढा चांगला कोट, एवढी मोठी बाई, आणि नाक पुसते बाहीला! बाई गं, नवरा पळाला की मांजर पळालं?'

आणि मग हशा. अण्णांचा, धाकट्याचा, धाकटीचा. सगळ्यांत शेवटी एक बारीक, लांबत गेलेलं हसू. थोरलीनं ते ओळखलं. दिव्यापाशी तीच उभी होती. हातातल्या हँगरचं टोक तिच्या बोटात रुतलं.

"अंदाज अगदी बरोबर आहे, अण्णा," वन्सं म्हणाल्या. "आडोसा होता नकाशांच्या कपाटाचा. मुख्याध्यापकाची जागा बाहेरून आलेल्या माणसाला दिली, ते मला शिपायाकडून कळलं. कपाटामागे उभी राहिले, बाहीनं तोंड पुसलं आणि पुढच्या तासाला वर्गावर गेले. एका माणसाला कळलं नाही. एकालाही. आता काय होतं सांगू? मी फळ्याकडे वळते, डाव्या हातात खडू घेते, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, म्याव."

गाठोड्यावर बसलेला धाकटा उठून उभा राहिला.

"काल नवे मुख्याध्यापक माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं. म्हणाले, बाई, घरी काही त्रास असेल तर मोकळेपणानं सांगा. त्यांची जागा माझी होती, आणि ते मला पाणी देत होते. मी ते पाणी प्यायले."

"हरामखोर पोरं," थोरला म्हणाला. "आणि हे सगळं त्या पेजमुळे. मी आधीपासून..."

"दादा, कोट काउंटरवर कोणी घेतला?"

"रोज इतके कपडे येतात. काय लक्षात राहणार?"

"माझ्या नवऱ्याच्या लक्षात आहे. म्हणाला, तुझ्या भावानं मान वर केली नाही. नुसतं 'ठेव' म्हणाला. नंबराची चिठ्ठी एका हातानं टोचली, दुसऱ्या हाताचं बोट फोनवर फिरत होतं. दोरा बांधायला दोन हात लागतात, दादा."

थोरल्यानं बायकोकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की अशा वेळी बायको काहीतरी बोलून आपल्याला सोडवते, याची त्याला सवय लागली होती. थोरलीनं हँगर खिळ्याला अडकवला आणि दुसरा घेतला. सकाळपासून तिनं या खोलीतल्या प्रत्येकाच्या नावावर काय काय मांडलं होतं. स्वतःचं पान तेवढं कोरं सोडलं होतं. आता कोणाला सोडवायचं?

"चूक झाली, ताई," धाकटा पुढं सरसावला. "पण तोडून टाकण्यापेक्षा आपण नीट नियम करू ना. चेहरा दाखवायचा नाही..."

"यात चेहरा कुठं होता?"

"म्हणजे... कोट पूर्ण दाखवायचा नाही. आठवड्यातून एकदाच..."

"म्हणजे आठवड्यातून एकाचंच वाटोळं. बाकी दिवस उपास."

"आणि गिऱ्हाईक? निम्मं दुकान त्या पेजवर चालतंय, लांब राहून बोलायला सोपं..."

"तू गप्प बस रे," अण्णा कडाडले.

सगळे वळले. अण्णा स्टुलावरून उतरले होते. या घरात अण्णा उतरले की निकाल लागायचा. "झालं तेवढं पुरे. माझ्या लेकीच्या डोळ्यांतलं पाणी रस्त्यावर मांडलं तुम्ही. तुमच्या त्या खेळण्यानं! आजपासून या घरात ते पेज नाही, तो दिवा नाही, तो फोन नाही. धाकटे, आण इकडे. धुलाईच्या टाकीतच घालतो."

थोरला हलका झाला. धाकट्याची मान खाली गेली. सगळा अपराध एका हातात मावेल एवढ्या चपट्या वस्तूत भरला की बाकीच्यांचे हात रिकामे होतात. थोरलीला वाटलं, आता वन्सं बसतील, पाणी पितील, आणि धाकटीला पुढची पाच वर्षं हे ऐकावं लागेल.

धाकटी भिंतीपासून हलली नाही.

"तुम्ही?" ती म्हणाली. आवाज रडका नव्हता. "मी मांडलं? वहिनी, मी या घरात आले तेव्हा हा खेळ नव्हता? मी फक्त शटर वर केलं, अण्णा. आत काय चाललं होतं ते लोकांनी बघितलं."

"उलट उत्तर देतेस?"

"देते. ताई, तुमची माफी मी मागते, शंभरदा मागेन, कारण मांजराचं ते वाक्य मीच वर मोठ्या अक्षरांत टाकलं होतं. छान वाटलं मला ते. खोटं कशाला बोलू? पण एक सांगते. या घरात मी आल्यापासून 'धाकटी' आहे. हाक मारली की धाकटी, रागावलं की धाकटी. तिकडे लोक मला माझ्या नावानं ओळखतात. मला कळत होतं की मी दिवसाला दहा वेळा नाही, शंभर वेळा तो फोन उघडते. जेवताना उघडते. ह्यांच्याशी बोलताना उघडते. आत्ता ताई बोलत होत्या ना, आत्तासुद्धा माझा अंगठा तिकडे गेला." तिनं स्वतःच्या अंगठ्याकडे असं बघितलं, जणू तो शेजाऱ्यांचा आहे. "कमी करायचं मी तीनदा ठरवलंय. मला कमी जमत नाही. मी बंदच करते."

आणि तिनं फोन उघडला.

दोन-तीन ठिकाणी बोट लावलं. "खात्री आहे का, विचारतोय," ती म्हणाली. बोट वर थांबलं.

"आज लगेच कशाला?" अण्णा म्हणाले.

तोंडातून निसटलं ते. त्यांनाही कळलं, पण सांडलेलं ते सांडलं.

"म्हणजे... एवढी माणसं जोडलीत त्यात. रोज चांगलं बोलतात बिचारी. थोडं कमी करू. हा म्हणतो तसं. आठवड्यातून एकदा..."

वन्संनी वडिलांकडे बघितलं. मग त्या हसल्या.

"टाकीत घालणार होतात ना?"

"अगं, रागात बोललो."

"पेजवर राग काढत होतात, अण्णा? त्या पेजला दाढी होती? मांजर कोणाचं होतं?"

"मला काय माहीत तो तुझा कोट आहे! नंबर होता त्याला. लाल दोरा असता तर मी हात तरी लावला असता का?"

"नसता लावला!" वन्संचा आवाज पहिल्यांदा फाटला. "लाल दोरा असता तर मी वाचले असते, हेच ना? आणि ज्यांना दोरा नाही त्यांच्या बाह्या काय रस्त्यावर पडल्यात? मीही लहानपणी या टेबलाशी बसून हसलेय. ज्यांच्या कपड्यांवर हसलो त्या माणसांना वर्ग नसेल? फळा नसेल?" त्या थांबल्या, जाकिटाची लोंबती बाही वर सारली. "माझा कोट द्या. मी जाते."

कोणी हललं नाही.

"कोट द्या माझा."

थोरल्यानं छताकडे बघितलं. धाकट्यानं जमिनीकडे. घर चालवणारी दोन्ही मुलं मिळून पडद्यामागच्या एका खुंटीकडे बघायचं टाळत होती. मग थोरली उठली, दिव्यामागचा पडदा सारला आणि तो राखाडी कोट काढून टेबलावर ठेवला. ठेवताना तिनं बाही आत दुमडायचा प्रयत्न केला. वन्संनी ती बाहेर ओढली.

मिठाची पांढरी कड. आत काजळ. जसंच्या तसं.

"हा धुतला नाही?"

"ताई, ते..." धाकटा म्हणाला. "लोक विचारत होते, पुढं काय झालं. म्हणून दुसरा भाग करायचा होता. डाग काढतानाचा."

"कोणी ठेवला तसाच?"

"मी त्याच दिवशी काढायला घेतला होता," धाकटी म्हणाली. "अण्णा म्हणाले, राहू दे."

वन्संनी कोट उचलला आणि अण्णांच्या तोंडासमोर धरला. बाही नव्हे, पुढची बाजू. तीन बटणं राखाडी, चौथं जरा काळपट, जाड दोऱ्यानं लावलेलं.

"हे बटण कोणी लावलं होतं?"

अण्णांनी चष्मा सारखा केला. ते बटण बघितलं. त्यांचा स्वतःचा टाका, आडवा नाही, उभा. गावात असा टाका दुसरं कोणी घालत नव्हतं. लेक पहिल्यांदा नोकरीवर निघाली होती त्या सकाळी घाईत, दारात तिला उभं करून घातलेला.

"मला काजळाचा रंग ओळखता आला नसता, अण्णा. तुम्हाला कॉफी उभ्यानं सांडली की बसून, ते कळतं. तुम्हाला माझा हात कळला नाही? स्वतःचा टाका कळला नाही? का, माहितीये? कारण तुम्ही कोटाकडे बघतच नव्हतात. तुम्ही तिकडे बघत होतात." वन्संनी रिकाम्या स्टँडकडे बोट केलं.

धाकटीचा अंगठा खाली आला. फोननं बारीकसा आवाज केला. "महिनाभर विचार करा म्हणतोय," ती म्हणाली. "मन बदललं तर परत या म्हणतोय."

"कोणाला म्हणतोय?" थोरलीनं विचारलं. या भांडणात तिचं हे पहिलंच वाक्य होतं, आणि ते सासऱ्यांकडे बघून होतं.

धाकट्यानं बायकोच्या हातातून फोन घ्यायला हात पुढं केला, मग तो तिच्या खांद्यावर ठेवला. धाकटीनं तो झटकला. तिचाही राग अजून शिल्लक होता, आणि सगळा काही स्वतःवरच नव्हता.

"वन्सं," थोरली म्हणाली, "ते शेवटचं हसू माझं होतं."

"ओळखलं होतं मी," वन्सं म्हणाल्या. "त्याचं वेगळं बोलू." मग कोट टेबलावर पसरला, डावी बाही सरळ केली आणि अण्णांच्या हातात ब्रश दिला. "साफ करा. आत्ता. माझ्यासमोर."

"मी करतो, ताई," थोरला पुढे आला. "अण्णांचे हात आता..."

"तू दोरा शोध," वन्सं म्हणाल्या.

अण्णा स्टुलावर चढले. बाटलीतलं पाणी कापडावर घेतलं, कड ओली केली. बाहेरून आत, कडेकडून मध्याकडे, असे त्यांचे हात आपोआप चालायला लागले. खडबडीत, चुका न करणारे हात. पांढरी कड हळूहळू विरघळली. काजळ मऊ पडलं. त्यांनी बाही उचलली आणि सवयीनं रिकाम्या दिव्याकडे तिरपी धरली, जिथून नीट दिसतं.

"तर मंडळी..."

शब्द तिथंच राहिला.

"इथं मंडळी नाही," वन्सं म्हणाल्या. "मी आहे."

थोरलीनं स्टँड उचलला आणि पडद्यामागे नेऊन ठेवला. आता टेबलापलीकडे फक्त वन्सं उभ्या होत्या, मोठ्या जाकिटात, हात बाहीत लपलेले. अण्णा खाली बघून पुसत राहिले. कापड काळं झालं, त्यांनी घडी उलटली.

"जागा मिळाली नाही म्हणून सांगितलंस तेव्हा," ते म्हणाले, "फोनवर हसत होतीस तू. मी म्हटलं, बरं झालं, डोक्याला ताप नको. तेव्हा..."

"आधी बाही," वन्सं म्हणाल्या.